लोटन आबांची टाकी

फ्लशचं पाणी खाली जाण्याऐवजी भांड्यात वर चढू लागलं, तेव्हा मोहिनीच्या हातांवरची मेंदी अजून ओली होती.

"बाथरूमच्या जाळीतूनही गुडगुड आवाज येतोय," सुमनबाईंनी अंगणात येऊन नवऱ्याला हळूच सांगितलं. "आणि उद्या पोरीचा साखरपुडा."

दोंडाईच्याहून गाडीभर पाहुणे येणार होते. भडगावच्या त्या घरात सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. लोटन आबा मात्र हातातली हारांची पिशवी ठेवून लगबगीने उठले. हा त्यांचा विषय होता.

गल्लीत कुणाचीही सेप्टिक टाकी तुंबली की माणूस आबांच्या बियाण्याच्या दुकानात सल्ल्याला येई. घरात सहा माणसं असून आबांची टाकी घर बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नव्हती. शेजारच्या भाईदास नानांकडे नवरा-बायको दोघंच, तरी त्यांच्या दारात जवळजवळ दरवर्षी उपशाची गाडी उभी. खरं तर दोन्ही घरं एकाच मिस्त्रीने एकदमच बांधलेली, टाक्याही कंपाउंडच्या भिंतीच्या अल्याड-पल्याड.

"निगा राखावी लागते, भाईदास," आबा दर वेळी सांगत. "खरकटं, तेल, केस, पॅड, काही आत जाऊ द्यायचं नाही. ॲसिड ओतायचं नाही, मैला कुजवणारे जंतू मरतात. आणि दर महिन्याला ताक-गुळाचं पाणी."

नाना सगळं निमूट पाळत. टाकी भरायची ती भरायचीच. यंदा ते वर्षभर पुण्याला मुलाकडे होते, म्हणून उपसा राहिला होता. साखरपुड्यासाठी कालच परतले होते.

"आबा, तिन्ही भांडी तुंबलीत," मोहिनी दारातून म्हणाली. "म्हणजे अडथळा एका भांड्यात नाही, पुढे कुठेतरी आहे."

"शाबास," आबा म्हणाले.

त्यांनी चेंबरचं झाकण काढलं. पाणी काठापर्यंत आलं होतं. लांब सळई फिरवून पाहिली, पाणी हललं नाही.

"टाकीच भरली," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "इतक्या वर्षांनी का होईना, भरणारच ना."

त्यांनी उपशाच्या गाडीवाल्या भटूला फोन केला. बातमी गल्लीभर गेली. आबांची टाकी पहिल्यांदाच उघडणार म्हटल्यावर मेंदीला आलेल्या बायकाही अंगणात जमल्या. सुमनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र स्वतः फरशा उचलून माती ओढत होते.

"लोटन, कालपासून माझ्याकडेही गुडगुडतंय," भाईदास नाना भिंतीपलीकडून म्हणाले.

"तुझं नेहमीचंच आहे. इकडे ये. नीट राखलेली टाकी आतून कशी असते ते तरी बघ."

नाना आले. भटूची गाडी आली. आबांनी सगळ्यांना मागे सारलं.

"आत विषारी वायू असतो. कुणी वाकायचं नाही, बिडी पेटवायची नाही. उतरायचं तर नावच नको."

भटूने पहारीने झाकण सरकवलं आणि वायू निघून जायला टाकी बराच वेळ उघडी ठेवली. वास आला नाही.

"बघ," आबा नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "वाससुद्धा नाही."

गर्दी माना उंचावून पाहू लागली. मोहिनीच्या मैत्रिणीने मोबाईल वर धरला. भटूने जाड पाईप आत सोडून मशीन चालू केलं. पाईप नुसता हवा ओढत फुसफुसत राहिला.

"खोल सोड," आबा म्हणाले. "मैला घट्ट झाला असेल."

भटूने मशीन बंद केलं. उभ्या उभ्याच आत टॉर्च मारली. मग चेंबरपाशी जाऊन, आबांनी उकरलेल्या मातीत उघडा पडलेला पाईप पायाने चाचपत तो थेट भिंतीपर्यंत गेला. तिथून त्याने एकदा भाईदास नानांकडे पाहिलं, एकदा आबांकडे.

"आबा, हाई टाकी ते कोरडी शे," तो म्हणाला. "तुमना पाईप सरळ भाईदास नानानी टाकीमा जास."