हलेल तो घरी

वसंतातल्या पक्षीनिरीक्षणाच्या सहलीकडे आत्या वर्षभर डोळे लावून बसली होती. शाळेतून तीन दिवसांची रजा मिळवायला तिने मुख्याध्यापकांना जो आजार सांगितला, तो फक्त गुरांना होतो.

आमच्या गटाचे प्रमुख एक दंतवैद्य आहेत. मागच्या सहलीत कुणीतरी शिंकलं आणि समोरचा दुर्मिळ पक्षी उडाला, तेव्हापासून त्यांचा माणसांवरचा विश्वासही उडालाय. या वेळी त्यांनी फर्मान काढलं: कपडे झाडीच्या रंगाचे, फोन बंद, आणि सातला गाडी येईपर्यंत बागेच्या हिरव्या कुंपणाला खेटून न हलण्याचा सराव.

"जो हलेल तो घरी. मग तो माझा सख्खा भाऊ का असेना!"

पावणेसातला आम्ही अकराजण कुंपणात दिसेनासे झालो. आमच्यातच असलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाच्या नाकावर मुंगळा चढला, तरी गडी ढिम्म.

गाडी नेमकी दहा मिनिटं आधी आली. ड्रायव्हरने उतरून इकडेतिकडे बघितलं, आमच्यातल्या प्रत्येकाला फोन लावून पाहिला.

"काय माणसं आहेत राव! बोलावतात आणि स्वतःच येत नाहीत," असं पुटपुटत त्याने गाडी वळवली आणि तो निघून गेला.

"अहो डॉक्टर," आत्या ओठ न हलवता म्हणाली, "आपली गाडी गेली ना!"



डॉक्टरांनी हळूच वही काढली आणि नोंद केली: 'पांढरी गाडी, एक. अगदी जवळून दिसली. नऊ मिनिटं थांबली, पण आपली चाहूलही लागली नाही तिला. शाब्बास मंडळी!'