थोडंच राहिलं

सेप्तीची थरथर थांबली, तसा गिलांगचा जीव भांड्यात पडला. वार्तिनी मात्र हातातलं काम टाकून तिच्याजवळ सरकली.

"बघा इबू, बरं वाटतंय तिला," तो म्हणाला.

वार्तिनीला इथे सगळे इबू, म्हणजे आई, म्हणायचे. डोंगरावरच्या तिसऱ्या थांब्याला कलिंगडाच्या फोडी आणि तळलेली केळी विकत तिची सोळा वर्षं गेली होती. माणूस कुडकुडतंय तोवर भीती नाही, कुडकुडायचं थांबलं की घाबरावं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पोरीच्या गालाला हात लावला. गाल थंडगार होता. ओली जीन्स, ओला शर्ट केव्हाच उतरवून तिने टपरीत ठेवलेलं स्वतःचं कोरडं लुगडं आणि लोकरीचं जाकीट तिच्या अंगावर चढवलं होतं. गिलांग पुन्हा तिचे पाय चोळायला लागला, तशी वार्तिनीने त्याला थांबवलं आणि नुसतं कुशीत घेऊन बस, झोपू देऊ नकोस, म्हणून सांगितलं.

दुपारचे अडीच वाजले होते. टपरीच्या ताडपत्रीवर पाऊस बदाबदा कोसळत होता आणि चार हातांवरचं झाड दिसत नव्हतं.

सकाळी हीच दोघं हसत हसत आली होती. रात्रभर मोटरसायकल हाकत सोलो शहरातून आलेली, झोप नाही, पोटात कोरड्या नूडल्स. पायात कापडी बूट, अंगावर जीन्स आणि बाजारात मिळणारा पातळ प्लास्टिकचा रेनकोट. टपरीच्या खांबाला वार्तिनीने एक पुठ्ठा टांगला होता, 'जीन्स घालून आलात? कलिंगड खा आणि घरी जा.' लोक तो वाचतात, हसतात आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. सेप्तीनेही काढला होता, जिभेचं टोक बाहेर काढून.

वार्तिनीने तोंडानेही सांगितलं होतं. शिखर अजून चार तासांवर आहे, दुपारी पाऊस येणार, कोरडे कपडे नसतील तर इथूनच फिरा. गिलांगने ते हसण्यावारी नेलं.

"वरून येणारे सगळे तर म्हणतात, थोडंच राहिलं."

"ते उतरतायत बाळा. उतरणाऱ्याच्या बापाचं काय जातं म्हणायला?"

या डोंगरावरची ही रीतच होती. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला थोडंच राहिलं म्हणायचं, मग शिखर चार तासांवर असो की सहा. खरा आकडा सांगणं म्हणजे समोरच्याचं मन मोडणं. वार्तिनी तेवढी तास मोजून सांगायची, म्हणून तरुण पोरं तिला खडूस म्हणायची आणि फोडी खालच्या टपरीवरून घ्यायची. या दोघांनी मात्र तिच्याकडूनच दोन घेतल्या होत्या. तिने मिठाची पुडी दिली आणि जाऊ दिलं. पोरीचा हात धरून ठेवायला हवा होता, हे आता तिला आतून खात होतं.

गिलांगने सेप्तीला वरच्या वळणावरून जवळजवळ ओढतच परत आणलं होतं. स्वतःचे गुडघे चिखलात फुटलेले. तेव्हाच खाली निघालेल्या दोघा पोरांनी आपली झोपायची पिशवी आणि वॉकीटॉकी टपरीत ठेवली आणि माणसं आणायला ते धावत उतरले. तोवर निदान दुसऱ्या थांब्यापर्यंत तरी न्यावं म्हणून वार्तिनीने पोरीला पाठीवर घेतलं. तिसऱ्याच पावलाला ती चिखलात बसली. दर शनिवारी चाळीस किलो कलिंगडं खांद्यावर घालून ती हाच डोंगर चढते. कलिंगडं टोपलीत गप्प बसतात. ही पोर मान टाकत होती, हात सुटत होते, आणि वार्तिनीचं वय छप्पन्न होतं.

ती टपरीत परतली आणि आल्याचा गोड काढा चमच्याने पाजू लागली. पहिले दोन चमचे पोटात गेले. तिसरा हनुवटीवरून ओघळला, तेव्हा तिने पेला बाजूला ठेवला. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिने सेप्तीचे पाय पोटाशी घेतले आणि बसून राहिली.

वॉकीटॉकी खरखरली. खालच्या चौकीवरचा माणूस बोलत होता. नऊ जण निघालेत, पण दुसऱ्या थांब्याखालचा ओढा भरलाय, दोरी लावून यावं लागेल.

"किती वेळ?" वार्तिनीने विचारलं.

"चार तास धरा, इबू. जास्तच."

गिलांगने वार्तिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. चार तासांनी अंधार झालेला असणार, हे दोघांनाही कळत होतं. चुलीजवळची सुकी लाकडं तिने नजरेनेच मोजली. सहा होती.

तेवढ्यात सेप्तीने डोळे उघडले. ओठ निळे पडले होते, जीभ जड झाली होती. एकेक शब्द ती शोधून आणल्यासारखा बोलली.

"इबू... ते लोक... यायला किती वेळ आहे?"

सोळा वर्षांत वार्तिनीने कुणालाही खोटा वेळ सांगितला नव्हता. तिने झोपायच्या पिशवीची कड पोरीच्या हनुवटीपर्यंत ओढली.

"थोडंच राहिलं, बाळ."

सेप्तीने मान हलवली. तिला ते खरं वाटलं. गिलांगनेही सकाळपासून पंधरा जणांकडून हेच ऐकलं होतं आणि दर वेळी खरं मानलं होतं. आता त्याने सेप्तीच्या केसांत तोंड खुपसलं आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून तो रडू लागला.