न छापलेला चेहरा

पुढील निवेदनात एका संपादिकेने बजावलेल्या कर्तव्याची हकीकत मी वाचकांपुढे सादर करीत आहे. त्यांच्या घरी माझे नित्य जाणे-येणे असते. सबब यातील बहुतेक मजकूर त्यांच्या मातोश्रींच्या, म्हणजे आमच्या आजींच्या, तोंडून ऐकलेला आहे. माझे शिक्षण अपुरे आहे, परंतु अभिमान पुरेपूर आहे.

संपादिकाताईंच्या टेबलावर चौदा सेकंदांची चित्रफीत चालू होती आणि त्यांचे थोरले बंधू ती सातव्यांदा पाहत होते. औषधांच्या दुकानाच्या पायऱ्या. आजी उतरत आहेत. सायकलवरून एक मुलगा येतो, हातातील पिशवी हिसकावतो, आजी कोसळतात. उजवे मनगट मोडले ते त्याच क्षणी.

दुकानदाराने ही चित्रफीत पोलिसांखेरीज केवळ ताईंना दिली होती. "तुमच्याच आईची आहे, तुम्हीच काय ते ठरवा," एवढे बोलून तो निघून गेला होता.

"चेहरा लख्ख दिसतोय," दादा म्हणाले. वर्तमानपत्राचे मोबाइलवरील पान तेच सांभाळत. "आत्ता टाकतो. संध्याकाळपर्यंत घराघरात पोचेल."

"टाक. पण चेहरा झाकून."

"अगं, आपल्या आईला पाडलंय त्यानं. शेजारणीच्या नव्हे."

"शेजारणीची पर्स पळवणाऱ्या पोराचा चेहरा आपण झाकला होता. मग आता नियम काय सुट्टीवर गेला?"

"आणि तो लहान कशावरून? मिसरूड फुटलंय चांगलं."

"शाळेची पँट आहे. अठरा पूर्ण आहेत अशी खात्री होत नाही, तोवर तो लहानच. ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही, हा कायदा आहे, दादा. माझ्या मनाचं सांगत नाहीये."

चित्रफितींची कापाकापी करणाऱ्या इसमास कार्यालयात सारे 'झाकणराव' म्हणत. त्याने चेहरा धूसर करून आणला. ताईंनी निरखून पाहिले.

"शर्टावर शाळेचा बिल्ला आहे."

बिल्ला झाकला गेला.

"मडगार्डवर लाल फुलं रंगवलीत. गल्लीतलं पोरसुद्धा सायकल ओळखेल."

सायकल झाकली गेली.

"दुकानाच्या काचेत तोंड उमटलंय, ते?"

झाकणरावांनी कपाळावर हात मारला. "ताई, आता नुसतं ऊन उरलंय. तेही झाकू का?"

"ऊन राहू दे. उन्हाला आईबाप नाहीत."

त्यानंतर जे झाले ते कठीण होते. संपादिकाबाई चोराच्या मावशी लागतात काय, असे लोकांनी त्या पानावर लिहिले. दोन दिवसांत हजारभर वाचक सोडून गेले. दादांनी ताईंशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी ते मोबाइल घेऊन थेट आजींच्या खाटेशी गेले.

"आई, तू एकदा हो म्हण. तुझ्यापुढं तिचं काही चालायचं नाही."

प्लास्टरमधील हात उशीवर ठेवून आजी पडल्या होत्या. "मला माझी पिशवी हवीय. त्याचं तोंड घेऊन मी काय करू?"

"लोक हसतायत आपल्याला."

"हसू देत. हात माझा मोडलाय, अन् विव्हळतोयस तू."

दादांनी मोबाइल खिशात घातला. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर बातम्यांचे दुसरे पान चालविणाऱ्या एकाचा त्यांना दूरध्वनी आला. तुम्हाला भीती वाटत असेल तर मूळ चित्रफीत आम्हांला द्या, आम्ही दाखवतो, असे तो म्हणाला.

"भीती कसली?" दादा उत्तरले. "माझी बहीण आईच्या बाबतीतसुद्धा नियम मोडत नाही. तुमच्याकडं आहे का असं कुणी?"

आणि त्या संध्याकाळी अबोला संपला.

पुढे पोलिसांनी मुलास शोधून काढले. बाल न्याय मंडळापुढे त्यास उभे केले गेले. त्याने पिशवी परत केली, शिक्षा म्हणून सहा महिने दर रविवारी रुग्णालयाच्या फरशा पुसल्या, आणि सोमवारी तो आपल्या शाळेतील आपल्याच बाकावर जाऊन बसत असे. शेजारी बसणाऱ्या मुलास अखेरपर्यंत काही कळले नाही. गल्लीत कोणी बोट दाखविले नाही. त्याची आई नळावर ताठ मानेने पाणी भरत राहिली.

या गोष्टीस आज अकरा वर्षे झाली. आजींचे मनगट थंडीत ठणकते. त्यांना तपासणीस नेणे-आणणे माझ्याकडे असते आणि रस्ता ओलांडताना त्या माझा दंड घट्ट धरतात. "हा आमचा घरचाच," असे त्या डॉक्टरांना सांगतात, तेव्हा माझी छाती फुगते.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ देऊन हे निवेदन वाचले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जे नाव ताईंनी तेव्हा छापले नाही आणि आजही छापण्यास त्या नाखूश आहेत, ते मी सज्ञान नागरिक या नात्याने स्वतःच्या हाताने खाली लिहीत आहे.

दिगंबर वाघचौरे