आवाज घुमायचा तेव्हा

समुद्रकाठच्या त्या जुन्या हॉटेलची अंतर्गत सजावट नव्यानं करायचं काम तिच्याकडे आलं. तिथल्या भोजनगृहात आवाज फार घुमायचा. तिनं उंच छत आणि झुंबरं तशीच ठेवली. फक्त भिंतींना लोकरीचं जाड अस्तर दिलं, खाली गालिचे अंथरले. काम संपल्यावर तिनं आईबाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. तरुणपणी बाबा रोज संध्याकाळी इथं व्हायोलिन वाजवायचे आणि या घुमण्यात सुरांचा चिखल होतो म्हणून कुरकुरायचे.

"बाबा, वाजवा ना आता."

बाबांनी त्या दिवसांतली एक धून धरली. एकेक सूर सुटा, स्वच्छ उमटू लागला. मध्येच त्यांनी गज खाली घेतला.

"काम झकास केलंयस गं. पण आता माझी प्रत्येक चूक ऐकू येते," ते ओशाळून हसले. "तेव्हा असं ऐकू आलं असतं, तर तुझी आई काही माझ्यावर भाळली नसती."

आईनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"वाजवा हो तुम्ही. मी तेव्हा अगदी पुढच्या टेबलाशी बसायचे. मला सगळ्या चुका ऐकू यायच्या."