तुलनेची माती

"तिथेच खणणार," ती म्हणाली आणि नकाशावर लाल पेन्सिलीने अशी फुली मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

कारखान्याचा मालक समोर बसून शांतपणे चहा ढवळत होता. नळांना नि कड्यांना चकाकी चढवायचा त्याचा कारखाना कधीच बंद पडला होता. आता त्या जागेवर शाळा व्हायची होती. जमिनीत विष निघालं, तर सगळी माती त्याला पदरच्या खर्चाने उपसावी लागणार होती. नाही निघालं, तर सौदा पक्का. माती कुठे आणि किती खोल खणून तपासायची, हे ठरवायचं काम तिचं. तिची भाची त्याच शाळेत जायची होती, त्याच मैदानात लोळायची होती. तेव्हा या माणसाला सोडायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तिला वाटलं होतं, मालक फाटे फोडेल. फाटकाजवळ खणा, झाडाखाली खणा, मागे कशाला जाता, असलं काहीतरी. फुली होती मागच्या खड्ड्यावर. टाक्यांच्या तळाचा गाळ वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात ओतला जायचा, हे आजूबाजूचं शेंबडं पोरही सांगेल. पण हा गृहस्थ चक्क हसला.

"खुशाल खणा. तो खड्डा मी केव्हाच रिकामा केलाय."

मग गाळ गेला कुठे, असं तिने विचारलं. तर म्हणे, इतक्या वर्षांनी कसं आठवणार. आणि वर तिलाच सुनावलं, की मी लोकांना काय काय दिलंय ते जरा तुमच्या वडिलांना विचारा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांनी याच्याच टाक्यांवर उभं राहून हातांची सालटी काढून घेतली, आणि हा उपकार ऐकवतोय! लाज कोळून प्यायलाय मेला. गाळ काय वाफ होऊन उडाला? गाडला असणार आवारातच कुठेतरी. तिने दुसरी पेन्सिल काढली आणि शेडखाली, विहिरीपाशी, भिंतीच्या कडेने फुल्याच फुल्या मारत सुटली. मालक चहा पीत बघत राहिला. त्याच्या कपाळावर एक आठी उमटेल तर शपथ.

एक जागा ठरायची राहिली होती. कारखान्याच्या मातीशी ताडून बघायला त्याच भागातली चांगली माती लागते, नाहीतर वाईट कशाला म्हणायचं? तीही अशा ठिकाणची, की जिथे कारखान्याचं पाणी कधी पोचलेलं नाही. यासाठी तिला डोकं खाजवावं लागलं नाही. भिंतीपलीकडे, चढावर, आई-वडिलांचं घर होतं. आईच्या वाफ्यातले टोमॅटो खाऊन ती मोठी झाली होती. तिने घरावर गोल काढला आणि त्यात लिहिलं, 'स्वच्छ'.

तशीच फणफणत ती घरी आली. वडील अंगणात जुन्या झोपाळ्याचा दोर घट्ट करत होते. भाची आधीच फळीवर चढून बसली होती. हे काम हातात घेतल्यापासून बाप-लेकीत धड बोलणं नव्हतं. मालकाने आपल्याला पोसलं, त्याच्या मुळावर उठू नकोस, हे वडिलांचं पालुपद. पोसलं नाही, पिळलं, हे तिचं. आजही तेच झालं. दोघांनी एकमेकांना यथेच्छ सुनावलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, की आधी हातपाय धुवा आणि मग काय ते भांडा.

ती तशीच वाफ्याकडे वळली. कडेला माती काढायचं गिरमिट टेकवलं आणि सगळा राग दांड्यावर काढत ते फिरवलं. वर चार बोटं काळी, भुसभुशीत माती आली. त्याखाली आलं ते हिरवट राखाडी, साबणासारखं गुळगुळीत. त्यात एकही मूळ शिरलेलं नव्हतं.

असला रंग तिने मातीत कधी पाहिला नव्हता. पाहिला होता तो त्या बंद कारखान्यात, टाक्यांच्या तळाशी वाळलेल्या गाळाचा.

"बाबा," तिचा आवाज एकदम खाली आला, "ही माती कुठली?"

लेक आज पहिल्यांदा नीट बोलली म्हणून वडिलांना बरं वाटलं. ते पायरीवर ऐसपैस बसले आणि सांगू लागले. इथे नुसते दगड होते. एक रोप धरत नव्हतं. मग मालकाने खड्डा उपसायला काढला आणि कामगारांना सांगितलं, भर हवी असेल त्याने न्यावी. सगळ्या गल्लीने नेली. मालकाने ट्रॅक्टर घराघरापर्यंत पाठवला, एक पैसा घेतला नाही. वर थोडी काळी माती पसरली, झाली बाग. म्हणून तर म्हणतो, त्या माणसाला शिव्या देत जाऊ नकोस.

शिव्या सगळ्या तोंडात होत्या, पण आता त्या कुणाला द्यायच्या तेच तिला कळेना. मागे झोपाळा करकरत होता. भाची अनवाणी पाय मातीत घासत झोका घेत होती.

"मी तर एक खेप जास्तीची मागून घेतली होती," वडील हसत म्हणाले. "या झोपाळ्याखाली टाकायला. तू पडलीस तर लागू नये म्हणून."