पहिला फोन कोणी करायचा

“यंत्रानं माणसाची सेवा करायची असते, माणसानं यंत्राची नाही,” दप्तरींनी दुकानाच्या काउंटरवर जाहीर केलं आणि नवा फोन पुढे सरकवला. तो तापला होता, म्हणून रुमालात गुंडाळून आणला होता. निघताना बायकोनं कपाळावर ओली पट्टी ठेवू का, असं विचारलं होतं. कोणाच्या, ते तिनं सांगितलं नव्हतं.

छत्तीस वर्षं कचेरीचं दप्तर सांभाळल्यामुळे त्यांना सगळे दप्तरीच म्हणत. निवृत्तीनंतरही ते कशाची यादी केल्याशिवाय शिंकत नसत. महागातला फोन घ्यायला जीव होत नव्हता, स्वस्तातला घ्यायला लाज वाटत होती. तेव्हा दोन महिने तक्ते आखून त्यांनी बरोब्बर मधला फोन निवडला होता. त्यानं दोन्हीकडचे अवगुण घेतले होते. बॅटरी जेमतेम जेवणापर्यंत टिके. कॅमेरा बायकोच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकी. हा दोष नाही, असं तिचं म्हणणं पडलं. तरी त्यांनी तो चौथ्या कलमात घातला. तक्रारीची एकूण कलमं अकरा. आज दहावा दिवस, म्हणजे परत करायचा शेवटचा.

खरं कलम मात्र कागदावर नव्हतं. धाकट्या भावाशी त्यांचा नऊ वर्षं अबोला होता. भांडण आईच्या शिवणयंत्रावरून झालं होतं, आणि शिवता दोघांनाही येत नव्हतं. पहिला फोन धाकट्यानं करायचा, कारण तो धाकटा, असं दप्तरी म्हणत. थोरल्यानं करायचा, कारण तो थोरला, असं धाकटा म्हणे. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. त्यात गेल्या महिन्यात धाकट्याच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्याचं तिसऱ्याच कोणाकडून तरी कळलं. आता तो फोन करील; केला तर आवाज तरी स्वच्छ यावा, एवढ्यासाठी नवा फोन आला होता. दहा दिवसांत तो एकदाही वाजला नव्हता.

काउंटरमागच्या मुलीनं अकराही कलमं शांतपणे वाचली. फोन उलटासुलटा करून पाहिला, पडद्याच्या वरच्या कडेवर तळहात धरला. पडदा विझायला हवा होता, विझला नाही. मग केलेल्या फोनांची यादी उघडून तिनं विचारलं, हे ‘अबोला’ कोण?

दप्तरी खाकरले. घरातल्या कोणी चुकून उचलू नये, म्हणून भावाचा नंबर त्यांनी त्या नावानं नोंदवला होता. आणि सुनेकडून सगळी नावं अकारविल्हे लावून घेऊन पहिल्याच पडद्यावर मांडली होती. साहजिकच अबोला सर्वांत वर बसला होता.

“काका, तुम्ही रोज त्यांना फोन करताय.”

आपण असला प्रकार केलेला नाही, दप्तरी ताठ होत म्हणाले. तुम्ही नाही, फोननं केलाय, मुलगी म्हणाली. खिशात घातलेलं त्याला कळतच नाही. पडदा जागा राहतो, मांडी लागते, वरचं नाव दाबलं जातं. मग समोरच्यानं उचलला नसेल, दप्तरींनी आशेनं विचारलं.

“उचलल्याशिवाय मिनिटं कशी पडतील? परवा संध्याकाळचा छप्पन्न मिनिटांचा आहे.”

परवा संध्याकाळी ते स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. छप्पन्न मिनिटांत बायकोला काय काय सांगितलं ते त्यांना आठवू लागलं. लहानपणी तापलेल्या धाकट्याला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठल्याचं सांगितलं होतं. तो मूर्ख आहे, पण माझा मूर्ख आहे, असंही म्हटलं होतं. आणि ऑपरेशनची बातमी कळली त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हे नऊ वर्षांच्या दप्तरात कुठेच न नोंदलेलं वाक्य बोलून ते नंतर बराच वेळ नुसतेच वाटाणे सोलत राहिले होते.

मुलीनं परतीचा फॉर्म पुढे केला. सही इथे, आणि आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना, असं विचारलं. दप्तरींनी पेन उघडलं, बंद केलं. फॉर्मवरचे नियम ते फार सावकाश वाचू लागले.

तेवढ्यात रुमालावरचा फोन वाजला. पडद्यावर अबोला होता.

दप्तरींनी दोन्ही हातांनी तो कानाला लावला. पलीकडे थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला. आवाज खरोखरच स्वच्छ येत होता.

“दादा, आज तुझा फोन आला नाही, म्हणून केला,” धाकटा म्हणाला. “चालू दे तुझं. फक्त उद्यापासून तेवढा शर्टाच्या खिशात ठेवत जा. पँटच्या खिशातून वहिनीचं बोलणं नीट ऐकू येत नाही.”