खुंटीवरची घोंगडी

सेहेचाळीस साली सांगलीच्या कॉलेजात आग विझवून दाखवल्याशिवाय प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा पेटवायला मिळत नसे. राहीची ती परीक्षा होती त्याच दिवशी तिचा बाप केरबा तिला जतला परत न्यायला आला. “पदर पेटला म्हंजे? नगं ते शिक्षान,” तो दारातूनच म्हणाला. “आबा, एवढं बघा, मग न्या.” सरांनी परातीत रॉकेल पेटवलं. राहीने पदर खोचून वाळूची बादली उचलली, तर आधीच्या पोरांनी ती रिकामी केलेली. पाणी ओतलं तर आग पसरणार. तिने बापाच्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि परातीवर टाकली. जळक्या लोकरीचा वास सुटला आणि आग विझली. “उद्यापासून दिवा पेटव,” सर म्हणाले. केरबाचा जीव भांड्यात पडला. त्याने करपलेली घोंगडी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. “ऱ्हाऊ दे ही हितंच. घरी सांगतो, पोरीपाशी ठिवलीया.”